हॉलवरची माती

धुळ्याहून शिक्षण संपवून मी पाचोऱ्याजवळच्या एका हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले, ते शाळेचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं.

शाळा ज्या गल्लीत होती, त्या गल्लीनेच ती उभी केलेली. कापसाचा व्यापार करणाऱ्या मारवाडी शेठजींनी आपलं गोदाम दिलं होतं. गल्लीतल्या शेतकऱ्यांनी त्याच्या भिंती वाढवल्या, सागाच्या तुळया टाकल्या आणि वर मातीचं सपाट धाबं घातलं. तोच आमचा हॉल. धाबं गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी अख्खी गल्ली टोपल्या घेऊन वर चढायची आणि पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायची. महोत्सव म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर आणखी एक जाड थर पडला. गूळ वाटला गेला.

स्वागतगीताची तालीम माझ्याकडे होती. एक दिवस मुलींच्या केसांत माती दिसली. मी झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग हॉलचं दार लागेनासं झालं. हॉलच्या भिंतीला लागूनच अक्कांचं घर होतं. तरुणपणी त्यांनी या भिंतींसाठी डोक्यावरून माती वाहिली होती. त्यांनी भिंतीशी बांधलेली शेळी एके दिवशी सोडून पलीकडे नेली.

"का हो, अक्का?"

"ती उभीच राहत नाही तिथं," एवढंच त्या म्हणाल्या.

मी हेडमास्तरांना बोलावलं. बाकावर चढून त्यांनी छत्रीचं टोक तुळईला लावलं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं. सर खाली उतरले. मग मला घेऊन शेठजींच्या पेढीवर गेले.

"सर, लोकांनी स्वतःच्या हातांनी माती घातलीय," शेठजी म्हणाले. "ऐन सोहळ्यात त्यांना सांगू, की तुमच्या हॉलमध्ये बसायची भीती वाटते? कार्यक्रम हॉलमध्येच होईल."

सर गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी, ऐन थंडीत, आभाळ काळं झालं आणि संध्याकाळपर्यंत पाऊस रिपरिपत राहिला. सकाळी हॉलच्या भिंती खालपर्यंत ओल्या होत्या. मुली नटूनथटून आल्या. मी दारातच आडवी उभी राहिले.

"मुली आत येणार नाहीत."

"बाई, पाहुणे आलेत!" शेठजी चिडले. माणसं जमली, कुजबुज सुरू झाली. नवी बाई गल्लीचा अपमान करते, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालंही. तेवढ्यात अक्का पुढे आल्या.

"हाई भित आम्हीन बांधेल शे," त्या म्हणाल्या. "आम्हीच सांगतस, मझार जाऊ नका."

भिंत बांधणारीच आत जाऊ नका म्हणते म्हटल्यावर लोक हलले. बैलगाड्या जोडून रस्त्यातच व्यासपीठ केलं. शेठजी मात्र त्यावर चढले नाहीत. माझ्या मुलींनी गीताला सुरुवात केली, तसे ते वळले, एकटेच हॉलमध्ये गेले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. त्यांच्या फेट्यावर माती पडत होती आणि ते ती झटकतही नव्हते.

सर धावले. इतके दिवस गप्प असलेले सर आत ओरडताना आम्ही ऐकलं, "उठा! शेठजी, उठा!" मग काहीतरी कडकडलं. सरांनी शेठजींना दाराबाहेर ढकललं आणि त्यांच्यामागे अख्खं धाबं खाली बसलं. धुळीने रस्ता दिसेनासा झाला. गाणाऱ्या मुली किंचाळू लागल्या.

सर उंबऱ्यात सापडले, कमरेपर्यंत मातीत. गल्लीतल्या माणसांनी हातांनी उकरून त्यांना बाहेर काढलं. तुळईखाली आलेला पाय वाचला, पण पुढे ते काठी घेऊनच चालले. शेठजी ढिगाऱ्यापाशी बसून होते. तुटलेल्या कडेला मातीचे थरावर थर दिसत होते, प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा.

"एवढी माती..." ते म्हणाले.

हॉलबरोबर त्याला जोडलेले वर्गही गेले होते, तरी सोमवारी शाळा भरली. नववी अक्कांच्या घरात, आठवी शेठजींच्या पेढीत, बाकीचे वर्ग जिथे जागा मिळाली तिथे. कुणी नाही म्हटलं नाही. वर्षभर मी अक्कांच्या घरात भूगोल शिकवला. आभाळ भरून आलं की वर्ग आपोआप शांत व्हायचा आणि मुली माना वर करून बघत बसायच्या. गल्लीतल्या सगळ्याच घरांवर तसंच मातीचं धाबं होतं.