झांज कुठे गेली

इंग्लंडच्या जुन्या रॉक बँडांची गाणी मी जवळजवळ पन्नास वर्षं ऐकतोय आणि त्यातला एकही शब्द मला कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक फिरून फिरून तिथेच येतात. माझं शिक्षण चौथी. गाव कोकणात, बिऱ्हाड डोंबिवलीत आणि उभी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, पॉवर प्रेसवर. असल्या माणसाला त्या गाण्यांतलं काय कळणार, असं माझ्या तोंडावर बोललेले लोक आहेत. त्यांना मी उत्तर देत बसत नाही. भजनाला माना डोलवणाऱ्या किती जणांना अभंग कळतो ते मी रोज बघतो.

मला हे ऐकायला लावलं आमच्या टूलरूममधल्या फिटरने. ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरातला माणूस. त्याच्या घरात मराठीच बोलायचे, पण वेगळ्या वळणाची. शनिवारी अर्ध्या दिवसाने कारखाना सुटला की तो टूलरूमच्या फळीवर टेप ठेवायचा आणि हत्यारं पुसत एका इंग्लिश बँडची गाणी ऐकायचा. मी एकदा डाय, म्हणजे प्रेसचा साचा, घासायला दिलेली ती घ्यायला गेलेलो. काय आरडाओरडा लावलायस, असं काहीतरी म्हणालो. त्याने वर न बघता सांगितलं, "आयक. आन मधी बोलू नको."

मी उभा राहिलो. आधी कानात शिरला तो ठोका. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाच्या पायात ठोका असतो. पत्रा सरकवायचा, पॅडल दाबायचं, हात बाहेर. दिवसभर तेच. या गाण्यातला ठोका तसाच पोटातून येत होता, पण मशीनसारखा मेलेला नव्हता. आणि त्याच्या वर झांज. वाजली की लगेच विझत नव्हती, पाण्यावर वर्तुळ जावं तशी लांब जात होती. आमच्या गावच्या नमनात, शिमग्याच्या खेळात, माझा चुलता मृदंग वाजवायचा आणि मी लहानपणी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून झांजेवर बसायचो. मृदंग हवा तिकडे धावतो, झांज त्याला धरून ठेवते. इथे तेच चाललेलं. त्या गोऱ्या पोरांना हे कोणी शिकवलं, हाच माझ्या डोक्यात पहिला विचार आला.

दुसऱ्या शनिवारी मी डाय नसताना गेलो.

पुढे नाताळात फिटरने घरी बोलावलं. भाड्याने व्हिडिओ आणलेला. त्याच्या आईने तेलात तळलेले मैद्याचे गरम फुगे ताटलीत ठेवले आणि आम्ही दोघे जमिनीवर बसून त्या बँडचा कार्यक्रम बघितला. केवढं मैदान, माणसांनी भरलेलं. गाणारा उघड्या छातीने इकडून तिकडे पळतोय. गिटारवाला डोळे मिटून एका जागी. सगळी दुनिया त्या दोघांकडे बघत होती. मी मागच्याकडे बघत होतो, ढोलांच्या ढिगाआड बसलेल्याकडे. त्याची काठी वाजवता वाजवता मोडली. त्याने बघितलं नाही, थांबला नाही, डाव्या हाताने ठोका चालू ठेवला आणि उजव्याने कुठून तरी दुसरी काठी उचलली. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात काय आहे ते कळतं. फिटर माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, ही पोरं कारखान्यांच्या गावातली, बाप कामगार. मला बरं वाटलं. का ते नाही सांगता येणार.

तेव्हापासून माझ्या घरात ही गाणी आहेत. बायको त्यांना "तुमचे ते केसवाले" म्हणते. चाळीत होतो तेव्हा शेजारी तिला विचारायचे, तुमच्याकडे भांडण चाललंय का. ती सांगायची, "नाही हो, आमचं भांडण याहून सुरात असतं." लेक शाळेत इंग्रजी शिकली तेव्हा एकदा अर्थ सांगायला बसली. पहिली ओळ सांगितली, बाईने सोडून दिलं म्हणून कोणी रडतोय. मी तिला तिथेच थांबवलं. एवढं मोठं गाणं एवढ्याशा कारणासाठी असेल तर ते मला कळायला नको.

फिटर निवृत्तीनंतर फार जगला नाही. आता ती गाणी ऐकायला मी एकटाच उरलो.

मग काही वर्षांपूर्वी माझ्या टेपमधून झांज जायला लागली.

आधी तिची शेपटी गेली. वाजायची, पण लांब जायची नाही. मग नुसतं ठक व्हायचं. मग तेही नाही. बाकी ढोल, मोठी गिटार, सगळं जागेवर. मी म्हटलं हेड खराब झालं. स्पिरिटने पुसलं. कॅसेट बदलून बघितली. कल्याणला स्टेशनजवळ एक जुना टेप दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने पट्टा बदलला. तरी झांज नाही. परत गेलो. त्याने माझ्यासमोर गाणं लावलं आणि म्हणाला, काका, सगळं बरोबर वाजतंय की. मी त्याला चार लोकांत सुनावलं, की झांज गेलीय एवढं कळत नाही तर धंदा कशाला करतोस, कान तपासून घे. त्या बिचाऱ्याने टेप पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

लेक ठाण्याला असते, नोकरी करते. तिने मोबाईलवर तेच गाणं लावून दाखवलं. त्यातही झांज नव्हती. हल्ली या कंपन्यांनी झांज काढून टाकलीय, असं मी तिला सांगितलं. मशीनवर काम केलेल्या माणसाची ही खोड असते. बिघाड नेहमी समोरच्या वस्तूत शोधायचा.

खरं काय ते कळलं आमच्या बिल्डिंगमधल्या भजनात. दर गुरुवारी संध्याकाळी बसतो आम्ही. त्या दिवशी झांज वाजवणारा माझ्या अगदी शेजारी होता. बुवांनी गजर घेतला, सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझी नजर सहज शेजारी गेली. दोन्ही पितळी वाट्या एकमेकींवर आपटत होत्या, जोरात, माझ्या कानापासून हातभर लांब. मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त पितळ हलताना दिसत होतं.

मी टाळ्या वाजवत राहिलो. आरती झाली, प्रसाद घेतला, वर आलो. बायकोने विचारलं चहा टाकू का, ते मला तिच्या ओठांवरून कळलं. म्हणजे ते बरेच दिवस ओठांवरूनच कळत असणार.

कोणाला बोललो नाही. आमच्या कारखान्यात तीस-तीस वर्षं काम केलेले सगळेच थोडे बहिरे व्हायचे, त्यात नवल नव्हतं. पण एखादा कान पुढे करून "काय? काय?" करायला लागला की पोरं त्याची चेष्टा करायची. मीही केलेली. मला तो माणूस व्हायचं नव्हतं. आणि दुसरं, ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो. ही गाणी माझ्याकडून जाणार होती. हळूहळू, एकेक वाद्य करत. आज झांज, उद्या गिटारची तार. मला त्यातले शब्द येत नाहीत. आवाज गेला की मग माझ्याकडे त्यातलं काय राहतं?

शेवटी लेकीनेच ओळखलं आणि मला ठाण्याला कान तपासायला नेलं. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन आणि हातात एक बटण. तपासणारी मुलगी तरुण, गोड बोलायची. तिने सांगितलं, आजोबा, शिट्टीसारखा आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. मी दाबत गेलो. मला वाटलं छान जमलं. मुलगीही म्हणाली, तुमच्या वयाच्या मानाने बरं आहे. मी लेकीकडे बघितलं, की बघ.

त्या हिशेबाने कानाचं मशीन दिलं. घरी येऊन पहिलं काम केलं ते गाणं लावण्याचं. डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं वाजलं. ढोलाचं पोट गेलं आणि झांज आली नाही ती नाहीच. चार दिवस घातलं, मग कपाटात ठेवून दिलं. लेकीचा फोन आला की सांगायचो, घातलंय.

तेवढ्यात तिने तिकिटं काढली. ठाण्यातलीच काही नोकरदार मंडळी, चाळिशी ओलांडलेली, हौसेने त्या बँडची गाणी वाजवतात. रविवारी संध्याकाळी नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम होता. मूळच्यांतले निम्मे वर गेले. राहिलेल्यांना बघायला मी कुठे जाणार? माझ्या आयुष्यात समोर बसून ऐकायची वेळ आली तर ती हीच होती. मी लेकीला सांगितलं, येणार नाही. नकला करणाऱ्यांचं काय ऐकायचं. ती खट्टू झाली, पण बोलली नाही.

बायको बोलली. फोन ठेवल्यावर तिने कपाट उघडलं, मशीनची डबी काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "उद्या ठाण्याला जायचंय. मी पण येते."

कान तपासणाऱ्या त्या मुलीने विचारलं, आजोबा, मशीन घालून नक्की काय ऐकू येत नाही. मी म्हटलं, तसं सगळं येतं, लोक बोलतात ते जरा पुसट. बायकोने मला पुढे बोलू दिलं नाही.

"खोटं बोलतायत हे. त्यांना त्यांचे इंग्रजी केसवाले ऐकायचेत. माणसांचं त्यांनी लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नाही, ते आता कशाला ऐकतील?"

मुलगी हसली नाही, ते मला आवडलं. कोणती गाणी, तिने विचारलं. मी सांगितलं. झांजेचंही सांगितलं, टेपवाल्याचं, भजनाचं, सगळं. बायको माझ्याकडे बघत होती. भजनाचं तिला माहीत नव्हतं.

मुलगी माझा मागच्या तपासणीचा कागद बघत बसली. मग विचारलं की मी काम काय करायचो. पॉवर प्रेस म्हटल्यावर तिने मला पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं. या वेळी शिट्ट्या वेड्यावाकड्या यायला लागल्या. एक लगेच, दुसरी केवढ्या वेळाने, मध्ये नुसतीच शांतता. माझं बटण त्या शांततेतही दाबलं जात होतं. मलाच ते कळलं आणि कानशिलं तापली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मागच्या वेळी मी सारख्या अंतराने आवाज दिले, ती माझी चूक. तुम्ही कानाने नाही दाबलंत. ठोक्यावर दाबलंत."

खरं होतं. दोन-तीन शिट्ट्यांत माझ्या हाताने अंतर पकडलं असणार आणि मग शिट्टी येवो न येवो, वेळ झाली की अंगठा खाली. तीस वर्षांची सवय. मशीन बनवलेलं ते कोणा चांगल्या कानाच्या माणसासाठी, आणि घातलेलं मी.

तिने सगळं नव्याने लावलं. बोलण्यासाठी वेगळं, गाण्यासाठी वेगळं, आणि एका बारीक बटणाने बदलायचं कसं ते दाखवलं. माझं गाणं मोबाईलवर लावून अर्धा पाऊण तास माझ्यासमोर बसली. मी हात वर केला की वाढवायची, खाली केला की कमी करायची. शेवटी स्वच्छ सांगितलं, आजोबा, जे गेलंय ते पूर्ण परत येणार नाही, पण बरंचसं येईल. त्या मुलीचं वय माझ्या लेकीपेक्षाही कमी असेल. मी तिच्या पाया पडलो नाही एवढंच.

रविवारी आम्ही तिघे गेलो. असल्या कार्यक्रमाला मी पहिल्यांदाच, बायकोही. जरीची साडी नेसून आलेली, नाटकाला जातात तशी. रंगमंचावर पोट सुटलेले चार गृहस्थ, गाणाऱ्याने तर ऑफिसची पँटच घातलेली. मला जरा हसू आलं. मग मागच्याने काठ्या उचलल्या.

पहिला ठोका खुर्चीतून वर आला. आणि झांज वाजली.

पूर्वीसारखी नाही. शेपटी अर्ध्यावर तुटत होती, मुलीने सांगितलेलं तसंच. पण होती. पितळ होतं ते, ठक नव्हतं. मी फिटरला मनात म्हटलं, बाबा रे, तू त्या दिवशी मला बोलू दिलं नाहीस, फार उपकार झाले. पुढचं काही वेळ मला नीट दिसलं नाही.

दोन-तीन गाणी अशी गेली. मग बायको माझ्या दंडाला हात लावून काहीतरी सांगत होती. गाण्याच्या बटणावर मला तिचं काही कळेना. नुसते ओठ हलत होते, आणि ओठांवरून ओळखायचं मला आता नको होतं. समोर माझं सगळ्यात आवडीचं गाणं सुरू झालेलं, ढोलवाला नुकता रंगात येत होता.

मी कानामागे हात नेला आणि बटण बदललं. ढोल मागे गेले, पातळ झाले.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तो मागचा बघा किती घामाघूम झालाय. त्याच्या घरचं कोणी आलं नाही का, पाणी द्यायला?"

"ते वाजवताना पीत नाहीत."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला? आणि तो गाणारा. तो काय मागतोय एवढा जीव तोडून?"

मी तिला सांगितलं की बाईने सोडून दिलंय म्हणून रडतोय. तिने पुढे वाकून त्याला नीट बघून घेतलं. मग म्हणाली, ती गेली ते बरंच केलं, हा घरात पण असाच ओरडत असणार. आणि मग ती बोलतच राहिली, त्याच्या पँटबद्दल, दिव्यांबद्दल, आपल्या गावच्या नमनाबद्दल, माझ्या चुलत्याबद्दल. गाणं संपेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही.