यादीतला सत्ताविसावा कप्पा

ऑफिसात तिला सगळे कोठीवाली म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बसलं ते असं की बाहेरचं माणूस आलं तरी "कोठीवालीला विचारा" असंच सांगितलं जाई. तिला त्याचा राग नव्हता. काम खरोखरच कोठी सांभाळण्याचं होतं, फक्त त्या कोठीत धान्याचा एक दाणा नव्हता.

होती ती गाठोडी. कॉम्प्युटरवर कुठलाही प्रोग्राम चालवायचा तर त्याच्याबरोबर बरंच सामानसुमान लागतं. ते सगळं प्रोग्रामसकट एकत्र बांधून ठेवलं की कुठल्याही मशीनने गाठोडं उचलावं, सोडावं आणि कामाला लागावं. या धंद्यात गाठोड्याला इमेज म्हणतात आणि कोठीला रजिस्ट्री. ज्याचा प्रोग्राम त्याचा कप्पा. कंपनीची गिऱ्हाइकं गावोगावची. कुठे शाळा, कुठे पाणीपुरवठा, कुठे दवाखाना. त्यांची मशीनं लागेल तेव्हा या कोठीतून आपापलं गाठोडं नेत.

पूर्वी कप्पा हवा झाला की पडद्यावर चार बटणं दाबायची, की झाला तयार. मग नियम आला. हाताने काही करायचं नाही. कोणता कप्पा, कुणासाठी, त्यात जुनी गाठोडी किती ठेवायची, सगळं एका फाईलीत लिहायचं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचून मंजुरी द्यायची, आणि मग एक अवजार ती फाईल वाचून लिहिल्याबरहुकूम कप्पा बांधणार. कोठीवालीला हा नियम मनापासून पटला. लिहिलेलं राहतं, बोललेलं वाऱ्यावर जातं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिची फाईल बघावी अशी असे. प्रत्येक कप्प्याच्या वर एक ओळ, हा कप्पा कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून.

आणि हा नियम तिने एकदाच मोडला होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला एका लांबच्या जिल्ह्यातून फोन आला. तिथे अँब्युलन्स पाठवण्याचं केंद्र होतं. लोक फोन करणार, पडद्यावर पत्ता उमटणार, जवळची गाडी निघणार. त्यांचं नवं मशीन पाच वाजता सुरू व्हायचं होतं आणि गाठोडं ठेवायला कप्पाच नव्हता. सांगायचं राहून गेलं, म्हणाला तिथला इंजिनिअर, आवाज रडवेला. मंजुरी द्यायला त्या दिवशी ऑफिसात कुणी नव्हतं. कोठीवालीने विचार केला, आजाऱ्यांचं काम आहे, देवाचंच काम म्हणायचं. पडद्यावर जुनी चार बटणं दाबली आणि कप्पा करून दिला. सोमवारी फाईलीत लिहू.

सोमवारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि पुढचे तीन आठवडे दवाखान्यात गेले. परत आली तेव्हा कामाचा ढीग होता. मग आज लिहू, उद्या लिहू. अशा गोष्टीचं असं असतं की दुसऱ्या दिवशी सांगितली तर ती चूक, आणि सहा महिन्यांनी सांगितली तर लबाडी. तेवढ्यात ऑफिसातल्या एका चष्मेवाल्याने असाच एक कप्पा हाताने केला, तो चुकून साऱ्या जगाला उघडा राहिला, आणि आठवड्यात त्याला घरी बसवलं. त्या दिवसापासून कोठीवालीने तोंडात मिठाची गुळणी धरली.

यंदा नव्या मॅडम आल्या. वयाने तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण माणूस नीट. त्यांनी ठरवलं की कोठी साफ करायची. जे फाईलीत नाही ते ठेवायचं नाही. फाईलीतले कप्पे आणि खरोखरीचे कप्पे यांचा ताळमेळ घालायचं काम दिलं जुळ्यांच्या आईला. ही कोठीवालीच्या शेजारीच बसायची. दोन मुलं एकदम झाली तेव्हापासून मला काहीही दोनदा मोजायची सवय लागलीय, असं स्वतःच सांगून हसायची. तिने दोनदा मोजलं. एकेचाळीस कप्पे असे निघाले की ते आहेत, पण लिहिलेले कुठेच नाहीत.

मीटिंगमध्ये तिने यादी पडद्यावर लावली. मॅडम म्हणाल्या, स्टेशनवरच्या बेवारस सामानासारखं आहे हे, ज्याने त्याने ओळख पटवून न्यावं, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. कुणीतरी म्हणालं, ओळख पटवली की पोलिसांत द्याल. सगळे हसले. कोठीवालीही हसली. सत्ताविसावी ओळ तिची होती.

त्यातले बरेच कप्पे नुसते कचरा होते. कुणी वापरून बघायला केलेले, कुणी अर्ध्यावर टाकलेले. जुळ्यांच्या आईने यादी तीनदा फिरवली. सोमवारी, मंगळवारी, आणि बुधवारी जागेवर येऊन एकेकाला विचारत. कोठीवालीपाशी आली तेव्हा म्हणाली, "ताई, यातलं तुमचं काही असणार नाही म्हणा. तुमची फाईल म्हणजे आरसा."

"माझं काही नाही," कोठीवाली म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी तिने फाईल उघडली. सहा ओळी लिहिल्या की तो कप्पा फाईलीत येत होता, साफसफाईतून वाचत होता. तिने लिहिल्यासुद्धा. पण मंजुरी दुसऱ्या कुणाची तरी लागणार, आणि ती दुसरी म्हणजे जुळ्यांची आई. ती विचारणार, हा कप्पा कधीचा? आजच तर नाही म्हणालात ना, ताई? मग मॅडम विचारणार. कोठीवालीला त्या चष्मेवाल्याचं रिकामं टेबल दिसलं. तिने मनाशी हिशेब केला. केंद्राच्या मशीनने गाठोडं कधीच उचलून नेलंय. ते चालूच आहे. कोठीतला कप्पा गेला तरी आज काही अडणार नाही. मशीन नव्याने उभं करायची वेळ आली तरच ते कोठीकडे मागायला येईल. तोवर आपण काहीतरी करू. गुपचूप नवा कप्पा लिहू, तिकडच्या माणसाला गाठू. तिने त्या सहा ओळी पुसल्या आणि घरी जाऊन देवापुढे नेहमीसारखी बसली. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना.

गुरुवारी बाराला जुळ्यांच्या आईने एकेचाळीसच्या एकेचाळीस कप्पे काढून टाकले. काही अडलं नाही.

दोन दिवसांनी कोठीवालीने केंद्राला फोन लावला. तो रडवेल्या आवाजाचा इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता. नवा म्हणाला, कसला कप्पा? सगळं छान चाललंय की. आता त्याला समजावून सांगायचं म्हणजे अथपासून सगळंच सांगायला हवं. तिने पुन्हा करते म्हणून फोन ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय एकदा लागली की पुढे ताकच नको होतं.

एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी दुपारी त्या जिल्ह्यातली वीज गेली. आल्यावर केंद्राचं मशीन काही धड उठेना, म्हणून त्याच्या जागी दुसरं उभं केलं. दुसऱ्याने कोठीकडे गाठोडं मागितलं. कोठीने सांगितलं, असा कप्पाच नाही. त्याने पुन्हा मागितलं, पुन्हा तेच उत्तर. असं ते मिनिटामिनिटाला मागत राहिलं. पुन्हा गाठोडं बांधून, नवा कप्पा करून ते तिथे पोचवायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. नवा कप्पा कोठीवालीनेच केला. नाव टाइप करताना ती दोनदा चुकली.

तेवढा वेळ केंद्रातली माणसं फोन घेऊन कागदावर पत्ते लिहीत होती. कोणती गाडी कुठे आहे ते कुणाला समजेना. एक रंगारी शिडीवरून पडला होता. दहा मिनिटांच्या अंतरावरची गाडी त्याच्याकडे पोचायला पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. दवाखान्याच्या वाटेतच तो वारला. लवकर पोचला असता तर जगला असता का, यावर डॉक्टरांनी काही छातीठोक लिहिलं नाही.

चौकशी लागली. कप्पा कुणी केला याची नोंद मिळाली नाही, कारण अशा नोंदी वर्षभरच ठेवायचा रिवाज होता. कप्पा कुणी काढला याची नोंद मात्र ठळक होती. तारीख, वेळ आणि जुळ्यांच्या आईचं नाव.

तिला रोज वर बोलवायचे. परत आली की ती खुर्चीत बसून यादीचे कागद पुन्हा मोजायची. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. हसणं बंद झालं होतं. डबा न उघडता घरी जायचा. एकदा ती कोठीवालीकडे न बघताच म्हणाली, "मी तीनदा विचारलं होतं ना, ताई? तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय," कोठीवाली म्हणाली.

"तेवढं वर सांगाल? माझ्यावर विश्वास बसत नाहीये त्यांचा."

कोठीवालीचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. त्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याने पाय थांबवला. मग म्हणाला की झालं ते झालं, गेलेला माणूस काही परत यायचा नाही. कागदावर तुझं नाव नाही. आई अंथरुणाला, माझं काम तुला माहीतच आहे. "आमच्या धंद्यात उसवलं तर परत शिवता येतं. हे शिवता येतंय का? नाही ना? मग जिभेला टाका घाल आणि गप बस."

"अहो, गेलेल्याचं सोडा. ही जिवंत बसलीय ना माझ्या शेजारी."

"तिला काय फासावर देणार आहेत?"

तो मशीन चालवायला लागला, आणि थोड्या वेळाने मशीनच्या आवाजातच म्हणाला की तू सांगणारच आहेस, मला कशाला विचारतेस. आवाजात राग होता आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅडमच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. कप्पा मी केला. हाताने केला. यादीत दिसला तेव्हा ओळखला. विचारलं तेव्हा नाही म्हणाले. बुधवारी सहा ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मॅडमनी एकच विचारलं, "बुधवारी सांगितलं असतंत तर काय झालं असतं, असं वाटलं होतं तुम्हाला?" आणि कोरा कागद पुढे सरकवला. तिने सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली, खाली सही केली.

नोकरी गेली. जुळ्यांच्या आईचं नाव कागदावरून निघालं, पण तिला त्या कामावरून हलवलं. कोठीवाली टेबल आवरत होती तेव्हा ती आली. ती दोन पानं तिने वाचली होती. रागावेल, निदान रडेल असं वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही.

"त्या सहा ओळी मला पाठवायच्या होत्यात," ती म्हणाली. "मी काय विचारणार होते तुम्हाला? तुमच्या फाईलीला मी कधी काही विचारलंय? डोळे मिटून मंजुरी दिली असती."

मग ती आपल्या नव्या जागेवर गेली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

रंगाऱ्याचा पत्ता चौकशीच्या कागदांत होता. नवरा म्हणाला, जाऊन काय सांगणार, त्यांना कळणार आहे का तुझं कोठीपुराण? सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, जाऊ दे तिला, नाहीतर ती जेवायची नाही. बसने सात तास लागले.

घर दोन खोल्यांचं. रंगाऱ्याचं घर, पण भिंतींना पोपडे. त्याची बायको दाराशी आली तेव्हा हात साबणाचे होते. तिला वाटलं, विम्याकडची बाई असेल. बसा म्हणाली. कोठीवाली बसली आणि सांगायला लागली. गाठोडी, कप्पे, फाईल, यादी. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की समोरची बाई ऐकतेय, पण यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाहीये. ती थांबली.

रंगाऱ्याची बायको म्हणाली, "मला हे कळत नाही. एवढंच सांगा. गाडी वेळेवर येऊ शकली असती?"

"हो."

"आणि ती येणार नाही, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

कोठीवालीच्या मनात कितीतरी वाक्यं आली. लगेच अडणार नव्हतं. वेळ मिळेल असं वाटलं होतं. मी फोन केला होता. सगळी खरी होती.

"माहीत होतं," ती म्हणाली.

रंगाऱ्याची बायको उठली आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला, मग तो बंद झाला. कोठीवाली तशीच बसून राहिली. बरं म्हणेल, वाईट म्हणेल, अंगावर धावून येईल, यातलं काहीही चाललं असतं. बऱ्याच वेळाने आतून दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. तिने पाण्याचा पेला कोठीवालीच्या पुढे ठेवला, आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत शेजारी उभी राहिली.

"आई म्हणतेय, तुम्ही आता जा," ती म्हणाली.