टोपलीला हात लावला नाही

अतिक्रमण हटवणाऱ्या पथकात मी कंत्राटावर होते. बायकांचा माल उचलायला बाईमाणूस हवं, म्हणून मला घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात नवा नियम निघाला. लोणावळ्याजवळ पर्यटकांच्या पॉइंटवर रस्त्याकडेला बसून कुणी काही विकायचं नाही. दुकानवाल्यांकडे परवाने होते. फटका बसला तो डोंगरातल्या वाडीवरून करवंदं, जांभळं घेऊन येणाऱ्या बायकांना.

त्यांच्यातली एक वयस्कर मावशी वळणावर बसायची. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, आता भांडण होणार. पण तिनेच टोपली माझ्यापुढे सरकवली.

"ने बाई. मी अडवनार न्हाई," ती म्हणाली. "पन उद्या परत हितंच बसनार. रानातलं तोडून आनलंय, चोरी कुटं केली?"

दुसऱ्या दिवशी ती खरंच तिथे होती. नंतरही रोज. जप्त केलेली करवंदं कार्यालयामागे सडायची आणि तो आंबूस वास माझ्या ओढणीला लागून घरी यायचा.

एका सकाळी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे जाईना. पथकाचे साहेब जीपमधून उतरले.

"उचला की."

"नाही उचलणार, साहेब."

"नियम आहे."

"चुकीचा आहे. माझ्या हातून नाही होणार."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

मावशी हळूच म्हणाली, "माज्यापायी पोटावर पाय आनू नगंस, बाई."

"तुमच्यापायी नाही, मावशी. मलाच पटत नाही."

टोपली ड्रायव्हरने उचलली. माझं ओळखपत्र साहेबांनी तिथेच काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बायका भरल्या टोपल्या घेऊन कार्यालयाच्या आवारात बसल्या. मीही त्यांच्यात बसले. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. साहेब बाहेर आले तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "समद्या टोपल्या घ्या, न्हाईतर आमाला बसू द्या. आमी उठत न्हाई." दुपारी तिथेच फडक्यातल्या भाकऱ्या सोडून खाल्ल्या. संध्याकाळी घरी, सकाळी पुन्हा आवारात, असं बरेच दिवस चाललं. येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, तशी आत चुळबूळ सुरू झाली.

नियम रद्द झाला नाही. वळणावरची जागा मात्र त्यातून वगळली आणि बायका तिथे बसू लागल्या. मला कामावर परत घेतलं नाही. आता मी चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. घरच्यांनी खूप सुनावलं. मी ऐकून घेतलं, पण चुकलं असं कबूल केलं नाही.