काका भिंत चाखतात

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी विसरत नाही, कारण ऑफिसच मिठात आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, एका मिठाच्या खाणीत, जमिनीखाली किलोमीटरभर! मिठात सगळं टिकतं, मग किस्से का नाही टिकणार?

पुढेमागे अणुकचरा मिठाच्या थरात ठेवला तर काय होईल, ते आम्ही बघतो. खरा कचरा नाही हं, त्याच्या जागी एक हीटर! मीठ तापलं की आत अडकलेलं पाणी किती सुटतं, हे आमचे केळकरकाका तीन वर्षं मोजतायत. पाणी जास्त निघालं तर टेस्ट बंद, आणि काका घरी.

हे मी नागपूरला आईला फोनवर समजावलं. ती म्हणाली, "लिंबाच्या लोणच्यालासुद्धा पाणी सुटतं गं! त्याला इंजिनियर कशाला?"

काकांना हे सांगितलं, तर ते दिवसभर माझ्यावर रुसून होते.

* * *

खाणीतलं मीठ हळूहळू सरकतं आणि पोकळी बुजवत जातं. आमचा मॅनेजर ग्रॅहम एकदा शिडी एका अरुंद कोनाड्यात ठेवून विसरला. वर्षाने काढायला गेला, तर मिठाने ती गच्च आवळलेली! ग्रॅहम घामाघूम होऊन ओढतोय आणि काका मागे टाळ्या वाजवतायत. "ग्रॅहम, हाच तर आपला रिझल्ट!"

शिडी अजून तिथेच आहे.

* * *

काकांचा सेन्सरवर भरवसा नाही. रोज सकाळी भिंतीला बोट लावून चाखतात आणि जाहीर करतात, "आज कोरडी." वैतागून ग्रॅहमने बोर्ड लावला, 'प्लीज डू नॉट लिक द वॉल'.

"मी लिक कुठे करतो? बोटाने घेतो!" काका म्हणाले.

* * *

काकूंचं दुःख वेगळंच. इंग्लंडात ऊन नाही! गेल्या उन्हाळ्यात त्यांनी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, तर चौथ्या दिवशी बुरशी. "कसला देश निवडलात हो!" काका बिचारे मान खाली घालून ऐकत होते.

* * *

आणि मग यंदाचा जून. गुरुवारी टेस्टचा रिव्ह्यू, आणि सोमवारी सेन्सरवर ओलावा एकदम वर! काकांनी भिंत चाखली. कोरडी. दुसरी चाखली. तीही कोरडी. ग्राफ मात्र चढलेलाच.

"तीन वर्षं गेली गं माझी," काका खाली बसत म्हणाले. मला खरंच रडू आलं.

शेवटी मी आणि ग्रॅहम टॉर्च घेऊन हीटरच्या मागे गेलो. तिथे स्वच्छ पांढरी चादर अंथरलेली, आणि तिच्यावर ओळीने शंभरेक पापड्या!

"काका!!!"

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! शुक्रवारी तुझ्या काकूच्या पापड्या मीच इथे आणून घातल्या की. म्हटलं, इथे ऊब आहे, कोरडं आहे..."

पापड्या बाहेर काढल्या आणि संध्याकाळपर्यंत ग्राफ जागेवर आला. वर आल्या आल्या काकांनी काकूंना फोन लावला. "अगं, टेस्ट वाचली! मिठाला पाणी सुटलंच नव्हतं, ते तुझ्या पापड्यांचं होतं!"

काकूंनी लगेच विचारलं,

"म्हणजे पुरत्या वाळायच्या आधीच उचलल्यात?"