पडदेवाल्या मावशीची रक्तदान मोहीम

माझी मावशी पडदे शिवते. दिवसभर सुईशी खेळणारी ही बाई इंजेक्शनची सुई बघितली की पांढरीफटक पडते. त्यामुळे तिने रक्तदानाची मोहीम हाती घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

मोहीम अर्थातच फोनवर. शेजारणीच्या ऑपरेशनच्या वेळी रक्तासाठी झालेली धावाधाव मावशीच्या मनाला लागली होती. तेव्हापासून रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ती इमारतीच्या ग्रुपवर लाल थेंबाचं चित्र टाकायची आणि खाली स्वतः जुळवलेल्या दोन ओळी. त्यावर अंगठे आणि बदाम भराभर यायचे.

काका म्हणायचे, "या अंगठ्यांतून रक्त निघालं असतं, तर पेढीत ठेवायला जागा उरली नसती."

"तुम्ही दिलात का अंगठा?"

"देतो की. न देऊन सांगतो कुणाला?"

मावशीचा उत्साह रक्तपेढीपर्यंत पोचला. तिथल्या लोकांनी इमारतीच्या तळमजल्यावर शिबिर ठेवलं. फोनवर सगळे म्हणाले, "नक्की येतो."

त्या दिवशी कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची पाठ धरली, कुणाला अचानक बाहेरगावी जावं लागलं. मावशी दारात उभी राहून वाट बघत होती. शेवटी आला तो इमारतीची सदा बंद पडणारी लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने आजवर एक बदामही दिला नव्हता.

"माझं वाचून आलात?" मावशीने आशेने विचारलं.

"रोज डोळे उघडले की तुमचा थेंब समोर. म्हटलं, एकदाचं देऊन टाकू, म्हणजे सुटलो."

मावशीला हसावं की रडावं कळेना.

बाकीच्या खाटा रिकाम्याच होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही देताय ना?"

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मावशीने डोळे मिटून तपासणीसाठी बोट पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने काकांचं मनगट असं आवळलं, की टोचलं कुणाला ते कळेना.

डॉक्टरबाईंनी आकडा बघून मान हलवली. "तुमचंच रक्त कमी आहे. जिना चढताना दम लागतो का?"

"लागतो. आमचा मजलाच वरचा आहे."

"मजल्याला नावं ठेवू नका. औषध घ्या."

लोकांना जागं करायला निघालेली मावशी घरी आली ती गोळ्या घेऊन. त्या तिने मुकाट्याने खाल्ल्या. हळूहळू तिचा थकवा पळाला आणि जिन्यात काका मागे पडायला लागले.

पुढच्या शिबिराआधी तिने थेंब टाकलाच, पण संध्याकाळी दारोदारही फिरली. फोनवर बदाम देऊन मोकळं होता येतं, दारात उभ्या असलेल्या मावशीला टाळता येत नाही. पाठ धरलेले गृहस्थसुद्धा सरळ चालत आले. खाटा कमी पडल्या. घरी काकांचं "आज जरा कणकण वाटतेय" सुरू झालं होतं. मावशीने त्यांच्या चपला उचलून समोर ठेवल्या, तेव्हा ती कणकण गेली.

सगळ्यात शेवटी ती स्वतः आडवी झाली. या वेळी आकडा चांगला होता. पिशवी भरेपर्यंत पडद्याला अस्तर का लावावं हे तिने डॉक्टरबाईंना सविस्तर समजावलं. हाताकडे एकदाही बघितलं नाही.