पाठमोरी आत्या

आमची थोरली आत्या आम्हाला काम सांगितलं की चक्क पाठ फिरवून बसायची. वाटूरजवळच्या आमच्या शेतात पन्नासेक मेंढ्या, दप्तरं फेकून हुंदडणारी आम्ही पाच भावंडं, आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून तूर निवडणार. पाहुण्यांना वाटायचं, रुसली असेल. आई वैतागायची, "आक्का, बघा तरी, पोरं काय करून राह्यली." आत्या मान न वळवता म्हणायची, "मी बघत बसले तर ते माझंच काम झालं की. मंग त्यांना कशाला सांगू?"

तिच्या या तत्त्वज्ञानापायी आम्ही काय काय बिघडवलं ते विचारू नका. एकदा धाकट्याने मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक नीट अडकवलं नाही आणि मेंढ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या. शेजारी तावातावाने आले. आत्याने त्यांना पाणी दिलं आणि धाकट्याला पुढे केलं. "फाटक ह्याच्याकडं होतं. ह्यालाच बोला." तो हुंदके देत माफी मागतोय आणि ही पाठमोरी! मला तिचा मनापासून राग आला होता.

मग माझा नंबर लागला. मी तेरा वर्षांची असताना एक गाभण मेंढी तिने माझ्या हवाली केली, पहिलीच खेप असलेली. "आजपासून ही तुझी. कोकरू जगलं तरी तुझं, न्हाई जगलं तरी तुझंच."

एका सकाळी मेंढी व्याली. कोकरू चिकट, घाणेरडं. मला तर शाळेत स्वच्छतेचं बक्षीस मिळालेलं! मी त्याला कोमट पाण्याने, साबण लावून लख्ख आंघोळ घातली. झालं, अंगाचा वास गेला आणि मेंढीने आपलं पोरच ओळखलं नाही. ते कासेकडे गेलं की ती ढुशी मारून लोटायची. दुपारपर्यंत त्याने मान टाकली.

मी धावत आत्याकडे गेले. "आत्या, मरून राह्यलं गं ते. तू चल ना!"

ती वळली नाही. "मेंढ्या दिवसभर खुंट्यापाशी काय चाटत्यात?"

"मिठाचा खडा."

"मंग? जा जल्दी."

मीठ कुटून कोकराच्या अंगाला चोळलं, वरून मेंढीचाच चीक लावला आणि तिची मान काखेत धरून बसले. तिने हुंगलं, मिठाच्या चवीने चाटू लागली आणि चाटता चाटता ते तिचं झालं. कोकरू प्यायला लागलं तेव्हा मी ढसाढसा रडले. आत्याने सूप खाली ठेवलं, एवढंच.

पुढे कधीतरी आई म्हणाली, "त्या दिवशी आक्कांनी तीच तूर तीनदा निवडली. पण मान वळवली न्हाई." तेव्हा कुठे माझा राग गेला. आज माझा मुलगा साधा चहा करतो तरी मी ओट्यापाशी घुटमळते. पाठ फिरवायला किती बळ लागतं, ते मला आता कळतंय.

मी जालन्यातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात आत्याला तिथेच आणलं. ती आता घरी जाणार नाही हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. तिचं सगळं मीच करत होते, पण इथे मात्र ती टक लावून बघत राहायची, सलाईन तपासायची, मला सूचना द्यायची. शेवटच्या सकाळी मी अंग पुसायला पाणी घेऊन आले. तिने माझ्याकडे डोळे भरून पाहिलं आणि सावकाश भिंतीकडे कूस वळवली.

उशाशी बसलेला धाकटा भाऊ घाबरला. "आत्या रागावली का गं?"

"न्हाई रे," मी म्हटलं, "काम सांगून झालं तिचं." आणि तिच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवू लागले.