दहाव्या भोकाला बंद झालेलं बटण

भूत, अंगात येणं, असल्या गोष्टींना मी फालतूपणा म्हणत आलोय. आजही म्हणतो! म्हणूनच जे झालं त्याचा जास्त संताप येतो...

जळगावात मेहरूणला आमचं घर. मागच्या पत्र्याच्या खोलीत आबांचं — म्हणजे वडिलांचं — ड्रिल मशीन. आबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची एक खोड होती. आम्ही मशीनवर चुकलो की बोलायचं नाही. भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचं आणि निघून जायचं. काय चुकलं ते शोधा तुम्हीच!

धाकटा भाऊ किरण कामासाठी मोटरसायकलने धुळ्याला जातो. त्याला ब्रेकच्या डिस्कला भोकं हवी होती, महागड्या गाड्यांसारखी. म्हटलं, देतो पाडून.

रविवार, भर दुपार. खुणा केल्या, डिस्क आवळली. नऊ भोकं झाली. दहाव्याला मशीन थांबलं. बघतो तर बटण बंद! चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी बटणावरच नजर ठेवली. किरण दारात, बोर्डजवळ कोणी नाही. आणि खट्... माझ्या डोळ्यांदेखत बटण बंद झालं.

"राहू दे ना भो," किरण घाबरला. "आबाच बंद करी राह्यले. मले नको आता भोकं."

माझं डोकंच फिरलं. चाळिशी आली तरी मीच चुकतोय का? "मेलेला माणूस बटण दाबत नसतो!" म्हणून ओरडलो. शेजाऱ्याकडून हातात धरायचं ड्रिल आणलं, घरातल्या प्लगला लावलं आणि दहावं भोक पाडलंच. किरणने मुकाट्याने डिस्क बसवली. मोठ्या भावापुढे काय बोलणार?

चौथ्या दिवशी धुळ्याच्या अलीकडे त्याने ब्रेक दाबला, डिस्क तडकली आणि चाक जाम झालं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. मेकॅनिकने तुकडा दाखवला. दहावं भोक अगदी कडेला गेलं होतं, तडा तिथूनच. खूणच मी चुकीची केली होती.

वायरमनने बोर्ड उघडून तपासला. काही दोष नाही. मग बटण कसं बंद झालं? मला माहीत नाही. फक्त 'वडिलांची कृपा' असं खाली कमेंटमध्ये कोणी लिहू नका, टाळकं सणकतं. एवढं दिसत होतं तर तोंडाने सांगायचं होतं ना, आबा! एक शब्द!

किरण अजून कुबड्यांवर आहे. रोज शेजारी बसून जेवतो, "भाऊ, भाजी घे" म्हणतो. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. अरे, घाल ना मला शिव्या!